पुरुष जे दाखवत नाहीत

इचलकरंजी हे यंत्रमागांचं गाव. इथे त्वचा आणि गुप्तरोगांची डॉक्टर म्हणून मी कित्येक वर्षं दवाखाना चालवते आहे. पुरुष पेशंट माझ्याकडे बहुधा भलत्याच कारणाने येतात. केस गळतायत, पाठीवर डाग आलेत, टाचांना भेगा पडल्यात. औषध लिहून होतं, ते उठतात, दारापर्यंत जातात आणि तिथून म्हणतात, "मॅडम, आणि एक होतं." ते 'आणि एक' हेच खरं दुखणं असतं. काही जण बाहेरची पाटी वाचतात आणि बाई डॉक्टर आहे म्हणून पायरीवरूनच परत फिरतात. पुन्हा येतात ते चार-सहा महिन्यांनी. तोवर लिंगावरच्या पुळीवर काय काय लावून झालेलं असतं, ते पाहून मला वाईट वाटतं आणि रागही येतो. तो राग त्यांच्यावर नाही, ज्या मुक्या घरांमध्ये ते वाढले त्यांच्यावर आहे. या कामातून जे कळत गेलं ते इथे लिहिते. लिंग, वृषण, जांघ हे शब्द सरळच वापरणार आहे.

१. बहुतेक पुळ्या हा आजारच नसतो

"लगीन हाय पुढल्या म्हैन्यात, तेवढं बघा की." अशी सुरुवात झाली की पुढे काय दिसणार याचा मला साधारण अंदाज येतो. लिंगाचं टोक जिथे संपतं त्या कडेवर गोलाकार ओळीत बारीक, मऊ, एकसारखे उंचवटे. कधी एक ओळ, कधी दोन. रंग त्वचेचाच, किंवा थोडा पांढरट. एकेक उंचवटा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. वैद्यकात याला 'पर्ली पेनाइल पॅप्यूल्स' म्हणतात. हा आजार नाही. तो संसर्गाने होत नाही, कुणाला लागत नाही, हस्तमैथुनाने होत नाही, अस्वच्छतेनेही होत नाही. वयात आल्यावर दिसू लागतो आणि वय वाढेल तसा पुष्कळदा फिका होत जातो. वेगवेगळ्या पाहण्यांत दर सात पुरुषांत एकापासून ते जवळजवळ निम्म्या पुरुषांपर्यंत हे उंचवटे आढळले आहेत. वर्गातल्या काही मुलांना तरी ते असणार, आणि त्यातला प्रत्येक जण समजत असतो की हे फक्त आपल्यालाच झालंय.

दुसरा प्रकार म्हणजे लिंगाच्या दांड्यावर आणि वृषणाच्या पिशवीवर दिसणारे पिवळसर पांढरे ठिपके. त्वचा ताणली की ते ठळक होतात. या साध्या तेलग्रंथी आहेत. अमेरिकन त्वचातज्ज्ञ जॉन फोर्डाइस यांनी १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना फोर्डाइस स्पॉट्स म्हणतात. असेच ठिपके ओठांवर आणि गालाच्या आतल्या बाजूलाही असतात. त्यामुळे मी मुलाच्या हातात आरसा देते आणि सांगते, "वरचा ओठ ताणून बघ. दिसले? तेच हे." पानभर समजावून जे होत नाही ते या एका गोष्टीने होतं.

उतारवयात वृषणाच्या पिशवीवर गडद लाल-जांभळे ठिपके येतात. त्या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या. खाजवलं तर रक्त येतं आणि माणूस हादरतो, पण तेही निरुपद्रवी. पिशवीच्या त्वचेत कडक, पांढरट, न दुखणाऱ्या गाठी वर्षानुवर्षं असतात, त्यांनाही घाबरण्याचं कारण नसतं. गाठ त्वचेत नसून आत वृषणालाच लागत असेल तर मात्र ती लगेच दाखवायची. ती वेगळी बाब आहे.

ओळखायचं कसं? सगळे उंचवटे एकसारखे आहेत, रांगेत किंवा सारखे पसरलेले आहेत, वर्षभर जसेच्या तसे आहेत, दुखत नाहीत, तर बहुतेक वेळा ती शरीराची घडण असते. नवीन आलंय, वाढतंय, लहान-मोठं आहे, ओलं आहे, त्याची जखम झाली आहे, तर ते डॉक्टरने पाहायला हवं. घरी व्हिनेगर लावून पाहण्याचा सल्ला काही मुलं कुठूनतरी वाचून येतात. साध्या त्वचेचाही रंग त्याने पांढरा होतो. त्यावरून काहीच ठरत नाही.

२. संशय घेण्याआधी गोळ्यांची पाकिटं तपासा

हा अनुभव मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण यात संसार मोडताना मी पाहिले आहेत.

एक ट्रकड्रायव्हर आणि त्याची बायको. त्याच्या लिंगाच्या टोकावर दर काही महिन्यांनी लाल चट्टा येई, आग होई, साल निघे आणि काळा डाग राही. पुन्हा तोच प्रकार, तंतोतंत त्याच जागी. ड्रायव्हर म्हटल्यावर गावाने, सासरच्यांनी आणि शेवटी बायकोनेही निकाल लावून टाकला होता. तो शपथा घेऊन थकला होता. मी विचारलं, चट्टा येण्याच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं, कुठली गोळी घेतली होती? लांबच्या फेरीत ढाब्यावरचं खाऊन जुलाब व्हायचे आणि हायवेवरच्या मेडिकलमधून तो जुलाबाची गोळी घ्यायचा. दर वेळी तीच.

याला औषधाची ठरावीक जागी उठणारी ॲलर्जी म्हणतात, आणि लिंगाचं टोक ही तिची फार आवडती जागा आहे. जुलाबावरच्या नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलसारख्या जोडगोळ्या, को-ट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, कित्येक वेदनाशामक गोळ्या, यांपैकी कशानेही ती होऊ शकते. औषध बंद केलं की बरं होतं, पुन्हा घेतलं की काही तासांत तिथेच उठतं. तुम्हाला असा डाग असेल तर त्या औषधाचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा. त्या बाईंना मी समोर बसवून हे सगळं सांगितलं. त्या रडल्या. तो गप्प होता.

खरजेचंही असंच. आमच्याकडे मागावर काम करणारी परगावची मुलं एकाच खोलीत राहतात, दिवसपाळीचा उठतो त्याच अंथरुणावर रातपाळीचा झोपतो. एकाला खरूज झाली की खोलीभर होते. लिंगावर आणि वृषणावर खाजऱ्या गाठी येतात, रात्री खाज वाढते. शारीरिक संबंधातूनही खरूज पसरते, पण तेवढ्यानेच असं नाही. पाच टक्क्यांचं परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचं, आठवड्याने पुन्हा लावायचं, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. एकट्याने लावून काही होत नाही. किडे मेल्यावरही लिंगावरच्या गाठी काही आठवडे राहतात, म्हणून औषध फुकट गेलं असं समजू नये.

वस्तरा फिरवल्यावर आत वळलेल्या केसांच्या पुळ्या, घामाने येणारी केसतोडं, ही रोजचीच. केस भादरायचेच असतील तर कात्रीने कमी करा, आणि दुसऱ्याचा वस्तरा वापरू नका.

३. न दुखणारी जखम जास्त धोक्याची

दुखलं की माणूस येतो. उपदंश, म्हणजे सिफिलिस, दुखत नाही. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी तीन महिन्यांनीही, लिंगावर एक कडक पुळी येते आणि तिची स्वच्छ, कडक बुडाची जखम होते. जांघेत गाठ येते. आणि काही आठवड्यांत जखम आपोआप भरते. मेडिकलमधून घेतलेल्या ट्यूबला श्रेय मिळतं. जंतू मात्र रक्तात गेलेला असतो. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग, चकत्यांनी गळणारे केस, आणि जांघेत किंवा गुदद्वाराभोवती ओलसर चपटे उंचवटे. हे उंचवटे चामखीळ समजून कुणी जाळले तर मोठा घोटाळा होतो, कारण ते फार संसर्गजन्य असतात आणि त्यांचा इलाज पूर्ण वेगळा आहे.

मला या आजाराचे पुरुष पुष्कळदा बायकोच्या बाळंतपणाच्या फाइलमधून सापडतात. गरोदर बाईची उपदंशासाठी व्हीडीआरएल तपासणी होते, रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, आणि मग नवऱ्याला बोलावलं जातं. उपचार झाला नाही तर गर्भपात, मृत जन्म किंवा आजारी मूल, हे त्या पुळीचं मोल असतं. आणि इलाज किती साधा! सुरुवातीच्या काळात चोवीस लाख युनिटचं बेन्झाथिन पेनिसिलिन एकदाच, कमरेत. १९४३ साली उपदंशावर पेनिसिलिन पहिल्यांदा वापरलं गेलं आणि आजही हा जंतू त्याला दाद देतो. इतकं जुनं, स्वस्त, खात्रीचं औषध असताना मूल दगावावं, हे मला सहन होत नाही.

नागिणीच्या जातीतल्या हर्पीसचं उलट. तिथे आग होते, पाण्याने भरलेले फोड घोळक्याने येतात, फुटतात, झोंबतात, आठ-दहा दिवसांत बरे होतात आणि पुन्हा येतात. तो विषाणू शरीरातून जात नाही. असायक्लोव्हिरसारख्या गोळ्यांनी त्याचा जोर आणि वारंवारता कमी होते. फोड असताना संबंध ठेवायचे नाहीत.

४. चामखीळ केव्हा लागला ते कुणालाच सांगता येत नाही

गुप्तांगावरचे चामखीळ मानवी पॅपिलोमा विषाणूने होतात. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत, आणि दहातले नऊ चामखीळ ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांमुळे येतात. सुरुवातीला त्वचेच्या रंगाचा, खरबरीत टोकाचा एखादा कण दिसतो, पुढे तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वाढतो. विषाणू लागल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे ते कित्येक महिने जातात, क्वचित वर्षंही. म्हणून लग्नानंतर वर्षाने नवऱ्याला चामखीळ आला तर तो बायकोकडून आला, की लग्नाआधीपासून त्याच्याच त्वचेत होता, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. माझ्या टेबलासमोर जोडपी भांडतात तेव्हा मी हेच सांगते आणि दोघांनाही तपासते. शारीरिक संबंध येणाऱ्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधीतरी हा विषाणू लागतो आणि बहुतेकांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप नाहीसा होतो. याला कुणाच्या चारित्र्याचा दाखला समजू नका.

इलाज आहेत. इमिक्विमॉडचं मलम, पोडोफायलिन, द्रव नायट्रोजनने गोठवणं, विजेच्या सुईने जाळणं. दिसणारा चामखीळ जातो, आजूबाजूच्या त्वचेतला विषाणू काही काळ राहतो, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत तो परत येऊ शकतो. परत आला की परत काढायचा. धीर सोडायचा नाही. निरोधने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण उघड्या राहिलेल्या त्वचेतूनही विषाणू लागतो. निरोध वापरायचाच.

आता घरगुती उपायांविषयी. हातावरच्या चामखिळाला घोड्याचा केस बांधतात, चुना-सोडा लावतात, बिब्ब्याचा चटका देतात. तेच उपाय लिंगावर केलेले मी पाहिले आहेत. बिब्ब्याच्या तेलाने तिथली पातळ त्वचा कशी भाजते आणि सुजते, ते मी इथे वर्णन करत नाही. ज्याने केलं तो तीन दिवस लघवीला घाबरत होता, एवढंच सांगते.

चामखीळ करणारे ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार कर्करोगाचे नव्हेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे प्रामुख्याने १६ आणि १८ हे प्रकार असतात. या नात्याचा शोध लावल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस या चारही प्रकारांपासून बचाव करते. ती २०२२ मध्ये मंजूर झाली आणि ९ ते २६ वयाच्या मुलींबरोबरच मुलग्यांनाही देता येते. चौदापर्यंत दोन डोस, पंधरापासून पुढे तीन. झालेला चामखीळ लसीने जात नाही, म्हणून ती आधी घ्यायची. मुलीच्या लशीविषयी विचारणारे आईबाप आता येतात. मुलग्याच्या लशीविषयी विचारणारा बाप मला अजून क्वचितच भेटतो.

५. मेडिकलमधली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब लावू नका

क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड, वर एक-दोन बुरशीची औषधं, वर एखादं प्रतिजैविक. अशा मिश्रणाच्या ट्यूबा आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतात. जांघेतल्या नायट्यावर लावली की दोन दिवसांत खाज थांबते, आणि मग तो नायटा मांड्या, वृषण, लिंग, कंबर असा पसरत जातो. त्वचा कागदासारखी पातळ होते, जांघेत लाल चिरा पडतात. त्या चिरा जन्मभर राहतात, माझ्याकडे त्यांवर औषध नाही. ट्यूबवरची नावं वाचता येत नसतील तर रिकामी ट्यूब घेऊन या, मी वाचून दाखवीन.

आणि भिंतीवर, लोकलच्या डब्यात 'गुप्तरोग, कमजोरी, हमखास इलाज' अशा जाहिराती असतात. तिथे गेलेल्या मुलांना आधी भीती विकली जाते, मग औषध. शरीराच्या नैसर्गिक उंचवट्यांवर हजारो रुपयांचे कोर्स घेतलेली मुलं माझ्याकडे येतात.

६. साखर तपासा

चाळिशीच्या पुढचा माणूस, लिंगाच्या टोकावर लाली, बारीक पुळ्या, पांढरा थर, पुढच्या कातडीला चिरा. ही बुरशी. पुष्कळदा मधुमेहाचं पहिलं निदान त्या दिवशी होतं. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांनी साखर लघवीवाटे जाते, त्यामुळेही हे होऊ शकतं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, आणि लघवीनंतर ती जागा पाण्याने धुऊन कोरडी करा.

७. एचआयव्हीच्या तपासणीला नाही म्हणू नका

लैंगिक संबंधातून येणारा एक आजार सापडला की बाकीचेही पाहावे लागतात. मोठ्या माणसाच्या तोंडावर आणि अंगावर मध्ये खळगा असलेले मोत्यासारखे पुष्कळ फोड आले, तर मी एचआयव्ही तपासणी सांगतेच. जांघेत किंवा लिंगाभोवती ते दोन-चारच असतील तर संबंधातून लागलेला तो एक किरकोळ विषाणू असतो. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि तिचा निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. धोक्याचा संबंध होऊन ७२ तास उलटले नसतील तर संसर्ग टाळणाऱ्या गोळ्या सुरू करता येतात, त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. जितक्या लवकर तितकं चांगलं. सोमवारची ओपीडी उघडायची वाट पाहू नका.

८. जोडीदाराला बरोबर आणा

नवऱ्याचा इलाज झाला आणि बायको तपासलीच नाही, तर महिन्याभरात तो पुन्हा माझ्यासमोर असतो. "तिला नका सांगू" ही विनंती मी रोज ऐकते. मी परस्पर कुणाला काही सांगत नाही. पण तिला घेऊन या, काय आणि कसं सांगायचं ते आपण मिळून ठरवू, इतकं मी आग्रहाने म्हणते. बाई डॉक्टर असण्याचा इथे उपयोग होतो. वर्षानुवर्षं अंगावर पांढरं जातंय हे ज्या बाईने घरी उच्चारलं नव्हतं, ती माझ्याशी बोलते.

"संबंध कुणाशी आला, बाईशी, पुरुषाशी की दोघांशी?" हा प्रश्न मी प्रत्येक पुरुषाला विचारते, वजन विचारावं त्याच आवाजात. कलम ३७७ विषयीच्या २०१८ च्या निकालाने समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, तरी आमच्यासारख्या गावात असा पुरुष अजून मान खाली घालून बसतो. त्याच्या गुदद्वाराजवळचे चामखीळ कुणी पाहिलेलेच नसतात, कारण कुणी विचारलेलंच नसतं. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली हमसफर ट्रस्ट ही संस्था या पुरुषांच्या आरोग्याचं काम करते. तसं काम गावोगाव व्हायला हवं.

९. महिनाभर न जाणारी गाठ कापून तपासावी लागते

पुढची कातडी मागे न जाणारा, तंबाखू खाणारा किंवा विडी ओढणारा पन्नाशीचा माणूस आणि कातडीखाली गाठ किंवा दुर्गंधी जखम. लिंगाचा कर्करोग असा येतो. सुरुवातीला आला तर लिंग वाचवता येतं. लाजेत वर्ष घालवलं तर कापावं लागतं. अशा गाठीचा तुकडा तपासायला मी त्याच दिवशी सांगते.

१०. मुलग्यांशी बोला

र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक सुरू केलं. त्याला शंभर वर्षं होत आली. त्यांच्यावर खटले झाले, तरी ते अंक काढत राहिले. आणि आजही बापाला मुलाशी हे बोलता येत नाही. मुलीला निदान आई पाळीविषयी काहीतरी सांगते. मुलग्याला कुणीच सांगत नाही की तिथली त्वचा कशी असते, कातडी मागे घेऊन कशी धुवायची, निरोध कसा वापरायचा. दहावीच्या सुट्टीत एक तास द्या. बापाला जमत नसेल तर काका, मामा, मोठा भाऊ, शाळेतले सर, कुणीही चालेल.

आणि तुम्हाला स्वतःला शंका असेल तर जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा. तिथलं सुरक्षा क्लिनिक याच आजारांसाठी आहे, औषधं मोफत मिळतात. आधी बोलायचं असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा. येताना त्या जागी मलम, हळद, डेटॉल काहीही लावून येऊ नका, आधी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, पुळी येऊन जात असेल तर आलेली असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि आत आल्यावर केसांपासून सुरुवात करू नका, ज्यासाठी आलात तेच पहिल्यांदा सांगा.